दगडखाणीची भिंत हलते कधी, आणि ते वायरशिवाय कळतं कसं

सातारा-सांगलीत खाण म्हणजे काळ्या दगडाची उघडी खाण. खंडाळ्यापासून जतपर्यंत क्रशरला डबर पुरवणाऱ्या अशा खाणी जागोजाग आहेत. इथं बोगदे नाहीत, कोळशाचा गॅस नाही. सगळ्यात मोठा धोका समोर उभा असतो तो खाणीच्या भिंतीचा. पोकलेन भरताना, ड्रिल मारताना, सुरुंगानंतर डबर फोडताना माणसं तिच्याच पायथ्याशी असतात.

भिंत अचानक पडली असं वाटतं खरं, पण मोठा भाग सुटण्याआधी तो बहुतेक वेळा काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे थोडाथोडा सरकत असतो. ही हालचाल मिलिमीटरची असल्यामुळे डोळ्याला दिसत नाही, आणि पावसाळ्यात रात्री तर तिथं बघायला कुणी नसतंच. भिंतीवर बसवलेले छोटे सेन्सर ही हालचाल मोजतात आणि रेडिओनं ऑफिसपर्यंत पोचवतात. वायरलेस निगराणी म्हणजे एवढंच. ती भिंत धरून ठेवत नाही. तिच्यातून मिळतो तो वेळ, आणि त्या वेळेत खाण रिकामी झाली नाही तर बसवलेलं सगळं वाया जातं.

आधी दगड ओळखा

आपल्याकडचा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थंड झालेला लाव्हा. खाणीत वरून खाली बघितलं तर आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (मुरमापेक्षा घट्ट, पण पाषाणापेक्षा मऊ दगड) आणि त्याखाली टणक काळा पाषाण दिसतो. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे गेरूसारखा तांबडा पट्टा असतो. भूगर्भशास्त्रात त्याला रेड बोल म्हणतात. कोरडा असताना तो बरा टिकतो, पण भिजला की मऊ होऊन भुगा होतो आणि झडून जातो. तो झडला की वरचा पाषाण अधांतरी राहतो. पाषाणात उभ्या भेगा मुळातच असतात, त्यामुळे असा अधांतरी भाग भेगेपासून सुटतो आणि पुढे कलंडतो. आपल्या खाणींत मोठे तुकडे पडतात त्यातला हा नेहमीचा प्रकार. म्हणून भिंतीत तांबडा पट्टा दिसला की पहिला सेन्सर त्याच्या वरच्या पाषाणावर.

दुसरा प्रकार पाण्याचा. भिंतीच्या माथ्यावर, कडेपासून दोन-तीन मीटर आत, कडेला समांतर भेग पडते. पावसाचं पाणी तिच्यात साठतं आणि समोरच्या दगडाला बाहेर ढकलतं. हा रेटा किती असतो याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. भेगेत २ मीटर पाणी असेल तर भेगेच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण २ टन रेटा येतो. ४ मीटर पाणी असेल तर ८ टन. पाणी दुप्पट झालं की रेटा चौपट. एका रात्रीच्या पावसात भिंतीची अवस्था का बदलते, ते यात आलं. आणि म्हणूनच माथ्यावरचं पाणी वळवणारा चर आणि भेग चिकणमातीनं बुजवणं ही दोन कामं कुठल्याही सेन्सरच्या आधी करायची आहेत.

तिसरा प्रकार वरच्या माती-मुरुमाचा. तो भिजून घसरतो. चौथा म्हणजे सुट्टे दगड, टरबुजाएवढे, डोकं फुटायला पुरेसे. या चौथ्या प्रकाराची आगाऊ खबर कुठलाही सेन्सर देत नाही. त्यावर उपाय सुरुंगानंतर आणि पावसानंतर भिंत झाडून सुट्टे दगड पाडणं, कडेपासून ३ मीटरचा पट्टा मोकळा ठेवणं आणि हेल्मेट. सेन्सर बसवले म्हणून हे सोडलं तर धोका वाढेल.

कायद्याचा पायाही इथंच येतो. मुरूम आणि बांधकामाच्या दगडाच्या उघड्या खाणीत खोली ६ मीटरच्या आत, दिवसाला ५० पर्यंतच माणसं आणि स्फोटकं अजिबात नाहीत, अशा तिन्ही अटी पाळल्या तरच नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्याच्या बहुतेक तरतुदींतून सूट मिळत होती. सुरुंग लावणारी प्रत्येक खाण या सवलतीच्या बाहेर जात होती, मग तिची खोली काहीही असो. १९६१ च्या नियमांत टणक दगडात बेंचची (भिंतीत कापलेल्या पायरीची) उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको, असं मूळ बंधन आहे. पायथा पोखरून वरचा भाग लोंबकळत ठेवायलाही मनाई आहे. पंधरा मीटरची सरळ कापलेली भिंत ठेवायची आणि तिच्यावर सेन्सर लावून समाधान मानायचं, हा उलटा कारभार झाला. आधी भिंतीत बेंच कापून घ्या.

काय मोजायचं

कल मोजणारा सेन्सर, म्हणजे टिल्टमीटर, हा या कामातला मुख्य गडी. मुठीएवढ्या डबीत मोबाइलमध्ये असते तशीच, पण जास्त अचूक चिप असते. ती अंशाच्या शंभराव्या भागापर्यंतचा कल सहज पकडते. ३ मीटर उंचीचा पाषाणाचा तुकडा ०.१ अंशानं कलला तर त्याचं टोक सव्वापाच मिलिमीटर पुढे येतं. कलंडणाऱ्या दगडाला टिल्टमीटर उत्तम. पण तुकडा सपाट सरकत बाहेर आला, तर कल बदलतच नाही आणि टिल्टमीटर गप्प राहतो.

तिथं भेगमापक लागतो. भेगेच्या दोन्ही काठांना एकेक खुंटी आणि मध्ये सरकणारी दांडी. ५० किंवा १०० मिलिमीटर पल्ल्याचा घ्यावा. बसवताना दांडी पल्ल्याच्या साधारण पाव भागावर ठेवायची, कारण भेग रुंदावणार हे आपण धरूनच चाललो आहोत. मधोमध ठेवली तर निम्मा पल्ला फुकट जातो.

पाऊस मोजायला ०.२ मिलिमीटरला एक टिचकी देणारा पर्जन्यमापक. भिंतीमागचं पाणी मोजायला पिझोमीटर. माथ्यावरून बोअर घेऊन तो तांबड्या पट्ट्याच्या पातळीला सोडायचा, सोडण्याआधी त्याचं गाळणीचं टोक पाण्यात बुडवून आतली हवा काढायची, भोवती वाळू भरायची आणि वर बेंटोनाइटनं (पाण्यानं फुगणाऱ्या चिकणमातीनं) बोअर बंद करायचं. हे बूच नीट बसलं नाही तर पावसाचं पाणी बोअरमधून थेट खाली उतरतं आणि सेन्सर भिंतीतल्या पाण्याऐवजी बोअरमधलं पाणी मोजत बसतो. हवेचा दाबही सोबत नोंदवा. बंद पद्धतीच्या पिझोमीटरमध्ये हवेच्या दाबात १० मिलिबारचा फरक पडला की पाणी १० सेंटिमीटरनं हललं असं दिसतं.

१०० मीटर लांब आणि दोन-तीन बेंचच्या भिंतीला चार टिल्टमीटर, दोन भेगमापक, एक पिझोमीटर, एक पर्जन्यमापक एवढ्यावर सुरुवात करता येते. शिवाय एक टिल्टमीटर भिंतीपासून लांब, न हलणाऱ्या पक्क्या खडकावर. पैसे वाचवताना सगळ्यात आधी हाच गाळला जातो, आणि त्याच्यावाचून बाकीच्यांचे आकडे पारखताच येत नाहीत. कोयनेच्या बाजूचा धक्का बसला की सगळे सेन्सर त्याच मिनिटाला उडी मारतात. लांबच्या सेन्सरनंही मारली असेल तर तो भूकंप. पाटण-कराड भागात हे नेहमी लागतं.

मोठ्या खाणींत रडार वापरतात. समोरून अख्खी भिंत मिनिटामिनिटाला तपासली जाते. अमेरिकेत युटामधल्या बिंगहॅम कॅन्यन तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ ला चौदा कोटी टनांहून जास्त माल कोसळला. हालचाल काही आठवडे आधीपासून यंत्रांवर दिसत होती, त्यामुळे माणसं बाहेर काढलेली होती आणि कुणालाही इजा झाली नाही. डबराच्या खाणीला रडार परवडत नाही, पण तत्त्व तेच आहे.

बसवताना

जागा निवडली की तिथं हातोडी मारून बघा. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड आहे. बद्द आवाज आला तर तो सुटलेला पापुद्रा आहे, आणि त्यावर बसवलेला सेन्सर पापुद्र्याची खबर देईल, भिंतीची नाही. ड्रिलनं भोक पाडून धूळ फुंकून काढा, केमिकल अँकर (बोल्ट दगडात घट्ट चिकटवणारं रसायन) भरून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बसवा आणि तो पूर्ण सुकल्यावरच प्लेट आवळा. सेन्सरचा एक अक्ष बरोबर खाणीच्या दिशेनं ठेवा आणि कोणती दिशा अधिक, कोणती उणे, हे डबीवरच रंगानं लिहा. पुढे सहा महिन्यांनी हे कुणाच्या लक्षात राहत नाही. केबलचं तोंड खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर वरून ओघळणारं पाणी सरळ डबीत जातं. वर पांढऱ्या पत्र्याची सावली करा.

सावली कशासाठी, तर पश्चिमेकडे तोंड असलेला काळा पाषाण एप्रिलमध्ये दुपारी भाजून निघतो. एक मीटर लांबीची स्टीलची दांडी २५ अंश तापली की ०.३ मिलिमीटर वाढते. म्हणजे भेग जागची हललेली नसतानाही भेगमापक रोज हलल्यासारखा दाखवतो. त्यामुळे एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाशी ताळा लावताना पहाटे पाचचा आकडा पहाटे पाचच्याच आकड्याशी लावा. तेव्हा भिंतीचं तापमान सगळ्यात स्थिर असतं. बसवल्यावर पहिले दोन-तीन आठवडे फक्त नोंदी घ्या. रोजचा चढउतार किती, हे कळल्याशिवाय धोक्याचा आकडा ठरवता येत नाही.

प्रत्येक भेगमापकाशेजारी दोन लोखंडी खिळे ठोकून आठवड्याला हातानं व्हर्नियरनं अंतर घ्या. सेन्सर खोटं बोलतोय अशी शंका आली की निर्णय हे खिळे देतात.

रेडिओ आणि वीज

खाणीत वायर टिकत नाही. सुरुंगाचे दगड, पोकलेनच्या चेन आणि वळवाच्या विजा तिची वाट लावतात. म्हणून लोरा नावाचा रेडिओ वापरतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. निरोप अगदी छोटा, दहा-वीस बाइटचा. पण मोकळ्या माळावर तो काही किलोमीटर जातो. खड्ड्यात मात्र गणित बदलतं, कारण रेडिओला दगड आडवा येतो. म्हणून निरोप गोळा करणारा गेटवे समोरच्या काठावर उंच खांबावर लावा, जिथून प्रत्येक सेन्सर डोळ्यांनी दिसतो. डबराचा ढीग वाढून मध्ये आला तर आठवड्याभरात एखादा सेन्सर गायब होतो. खांबाला तडितरोधक आणि चांगलं अर्थिंग हवंच.

सिग्नल कमजोर असेल तर लोरा तोच निरोप जास्त वेळ घेऊन सावकाश पाठवतो. जवळून पन्नास-साठ मिलिसेकंदांत जाणारा निरोप लांबून एक सेकंदाहून जास्त वेळ घेतो, आणि तेवढी बॅटरी जास्त खातो. ३.६ व्होल्टचा, १९ अँपिअर-तासांचा लिथियम सेल धरून हिशोब करू. कमजोर सिग्नलवर दर १५ मिनिटांनी निरोप पाठवला तर दिवसाला साधारण ३ मिलीअँपिअर-तास जातात. कागदावर सेल पंधरा वर्षांहून जास्त चालतो. उष्णता, गळती आणि वयामुळे त्याचा निम्माच भरवसा धरावा. तोच सेन्सर दर मिनिटाला बोलायला लावला तर दिवसाला ४० जातात आणि सेल कागदावरही सव्वा वर्षात संपतो. म्हणून एरवी १५ मिनिटं, आणि हालचाल दिसली की सेन्सरनं आपणहून १ किंवा २ मिनिटांवर यावं, अशी मांडणी करतात.

गेटवेला जास्त वीज लागते, ४-५ वॅट सतत. म्हणजे दिवसाला साधारण १२० वॅट-तास. जतला ऊन भरपूर, पण महाबळेश्वर-पाटणच्या पश्चिम पट्ट्यात जुलैमध्ये दिवसेंदिवस धुकं हटत नाही आणि सोलर पॅनल नावापुरतीच वीज देतं. तिथं १२.८ व्होल्ट ५० अँपिअर-तासांची बॅटरी ठेवली तरी उन्हाशिवाय पाचच दिवस निघतात. त्या पट्ट्यात दुप्पट बॅटरी घ्या किंवा लाइटची जोड द्या. क्रशरजवळच्या पॅनलवर कचेची धूळ बसते, ती आठवड्याला पुसा.

आणखी एक गोष्ट, यावर तडजोड नको. भोंगा गेटवेवरूनच वाजला पाहिजे, इंटरनेटशिवाय. मोबाइलवर निरोप जाईल, तिथून फोन येईल, मग कुणीतरी ओरडेल, ही साखळी मुसळधार पावसात टॉवर बंद पडला की तुटते. सिम दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा, पण जिवाचा भरवसा त्यांच्यावर टाकू नका.

आकडे वाचणं

एकटा आकडा काही सांगत नाही, गती सांगते. सुरुंगानंतर टिल्टमीटर उडी मारतो. उडी मारून रेघ पुन्हा आडवी झाली तर दगड बसला. उडीनंतर रेघ चढतच राहिली तर दगड सुटतोय. हे ओळखायला सुरुंगाची वेळ मिनिटासह वहीत लिहिलेली लागते. तशी नोंद नसेल तर प्रत्येक उडीवर वाद होतो.

गती वाढत असेल तर एक जुनी, साधी रीत आहे. १९८५ साली जपानी संशोधक फुकुझोनो यांनी ती मांडली. रोजची गती घ्या आणि १ ला तिनं भागा. समजा भेग पहिल्या दिवशी २ मिलिमीटर, मग २.५, मग ३.३, मग ५ मिलिमीटर रुंदावली. उलट आकडे येतात ०.५, ०.४, ०.३, ०.२. कागदावर रेघ ओढली तर ती आणखी दोन दिवसांनी शून्याला टेकते. भिंत त्या सुमारास जाईल, असा तो अंदाज. मुरूम आणि मांजऱ्याला ही रीत बरी लागू पडते. अखंड काळा पाषाण मात्र ठिसूळ. तो दोन दिवसांची सवड देईलच असं नाही. म्हणून हा अंदाज माणसं लवकर बाहेर काढायला वापरा. 'अजून दोन दिवस आहेत, माल काढून घेऊ' या हिशोबासाठी कधीही नाही.

धोक्याचे टप्पे सुरुवातीला असे ठेवता येतात. पुढे तुमच्या नोंदी पाहून खाण अभियंत्याकडून ते बदलून घ्या. पहाटे ते पहाटे ०.०५ अंश कल वाढला तर पिवळा: जबाबदार माणसानं वरून, कडेपासून लांब राहून पाहणी करायची. ०.१५ अंश किंवा भेग दिवसात २ मिलिमीटर वाढली तर केशरी: त्या भिंतीखालची माणसं आणि यंत्रं हलवायची. लागोपाठ तीन तास गती वाढत गेली तर लाल: भोंगा, अख्खी खाण रिकामी. आणि लागोपाठ तीन निरोप आले नाहीत तर तेही पिवळ्यातच धरा. गप्प झालेल्या सेन्सरची बॅटरी गेली असेल, किंवा तो दगडासकट खाली गेला असेल.

पावसाचा टप्पा मात्र सगळ्यांना एक ठेवू नका. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस म्हणतं. पाटणच्या पश्चिमेला जुलैत तेवढा पाऊस नेहमीचा. जतला तेवढ्यात ओढे-नाले एक होतात आणि कोरड्या भिंतीतल्या तांबड्या पट्ट्याला पहिल्यांदाच पाणी लागतं. दोन्हीकडे तोच आकडा ठेवला तर पाटणला भोंगा रोज वाजेल आणि लोक तो बंद करतील, तर जतला कदाचित एकदाच वाजेल, तोही उशिरा.

खोटा भोंगा येतोच. ब्रेकरची थरथर, सैल बोल्ट, डबीत शिरलेलं पाणी, सेन्सरवर पाय देऊन चढलेली शेळी, कारणं साधी असतात. एकाच सेन्सरच्या एकाच आकड्यावर लाल देऊ नये. शेजारच्या सेन्सरची किंवा त्याच सेन्सरच्या पुढच्या दोन आकड्यांची साक्ष घ्यावी. पण खोट्या भोंग्यावर चिडून टप्पा वाढवू नका. कारण शोधा, वहीत लिहा, दुरुस्त करा.

भोंगा वाजला तर

कोण थांबवणार, हे नावानिशी लिहून ठेवा. पाळीवरच्या माइन्स मेटला (कामगारांवर देखरेख करणाऱ्याला) किंवा फोरमनला मालकाला न विचारता काम बंद करायचा अधिकार हवा. डंपर भरायचा राहिला म्हणून त्याला बोल लागला, तर पुढच्या वेळी तो थांबवणार नाही. बाहेर पडायचा रस्ता त्याच भिंतीखालून जात असेल तर दुसरा रस्ता आधीच काढून ठेवा. जमायची जागा पायथ्यापासून भिंतीच्या उंचीच्या किमान दीडपट लांब आणि शक्यतो उंचावर असावी. महिन्यातून एकदा भोंगा मुद्दाम वाजवून खाण किती मिनिटांत रिकामी होते ते घड्याळ लावून बघा. ड्रायव्हर परराज्यातले असतील तर त्यांच्या भाषेत सांगा.

लाल झाल्यावर पाहणीसाठी खाली कुणीही उतरायचं नाही. दुर्बिणीनं किंवा ड्रोननं बघा. गती किमान २४ तास शून्याजवळ राहिली, माथ्यावरची भेग तपासली, सुटलेला भाग वरून यंत्रानं पाडला, आणि मगच लेखी परवानगीनं काम सुरू करा.

पावसाळा संपल्यावर एक धोका उरतो आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. चार महिने खाणीत पाणी साठलेलं असतं. दसऱ्यानंतर मोठे पंप लावून ते भराभर उपसतात. खाणीतलं पाणी भिंतीला बाहेरून टेकू देत असतं. तो टेकू जातो, पण मुरुमात आणि भेगांत शिरलेलं पाणी तेवढ्या लवकर उतरत नाही, आणि भिंत आतून ढकलली जाते. ऊन पडलेलं असतं, आकाश निरभ्र असतं आणि भिंत पडते. उपसा चालू असताना पिझोमीटर आणि खाणीतल्या पाण्याची पातळी रोज शेजारी-शेजारी लिहा. दोन्हींतलं अंतर वाढत चाललं तर पंप बंद करा आणि पिझोमीटर खाली यायला लागल्यावरच पुन्हा चालू करा.